सीझन संपवून लेहहून इंदूरला: गाडी, सामान आणि माणसं सुखरूप घरी आणायची तर

सप्टेंबर सरता सरता शेवटची तुकडी खाली उतरते, तंबूंच्या खुंट्या उपटल्या जातात, भांडी पोत्यांत बांधली जातात. चार-पाच महिने ट्रेक-कॅम्पवर राबलेल्या प्रत्येकाला मग घराचीच ओढ लागते. लेहहून इंदूर साधारण १,८५० किलोमीटर आहे. हे अंतर तीन दिवसांत कापल्याचं अभिमानानं सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचा आग्रह सहा दिवसांचा आहे. दोन पक्के ड्रायव्हर असतील तर पाच, त्याहून कमी नाही.

यामागचं कारण बाराला-चा खिंडीपेक्षा मध्य प्रदेशातल्या सपाटीवरच्या ब्यावऱ्याशी जास्त जोडलेलं आहे. खिंडींची धास्ती सगळ्यांनाच असते, त्यामुळे तिथे गाडी तपासलेली असते आणि डोळे उघडे असतात. घोटाळा होतो तो सपाटीवर. चौपदरी रस्ता, ऊबदार हवा, पोटात गरम जेवण आणि महिनोन्‌महिने न फिटलेला थकवा एकत्र आले की स्टिअरिंगवर डुलकी लागते. खाली दिलेलं सगळं वेळापत्रक ही डुलकी टाळण्यासाठी आहे.

निघायची तारीख

तारीख रस्त्यावरून ठरवा, दिवाळीवरून नको. अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सरकते, आणि ‘अजून महिना आहे’ म्हणत लेहमध्ये रेंगाळणारे अडकतात. मनालीच्या रस्त्यावर टांगलांग-ला (५,३२८ मीटर), लाचुंग-ला आणि बाराला-चा (सुमारे ४,८९० मीटर) या उंच खिंडी ओलांडायच्या असतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर यांपैकी कुठेही एका रात्रीत रस्ता बंद पडेल इतका बर्फ पडू शकतो. १० ऑक्टोबरच्या आत लेह सोडलेलं बरं. दुसरी अडचण पोटाची. पांग आणि सरचूचे तंबूवाले धाबे याच सुमाराला गाशा गुंडाळतात. जाताना जिथे राजमा-चावल खाल्ला तिथे परतताना नुसती दगडांची चौकट दिसते.

मनालीचा रस्ता बंद झालाच तर कारगिल, झोजी-ला, श्रीनगर, जम्मू हा मार्ग उरतो. झोजी-ला ३,५२८ मीटरवर असल्यामुळे तो जरा उशिरापर्यंत तग धरतो. त्या मार्गानं दोन दिवस जास्त धरा.

आणखी एक तारीख पाहून ठेवा. कुलूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. ढालपूर मैदानाच्या आसपास त्या आठवड्यात गाडी मुंगीच्या गतीनं सरकते. त्या दिवसांत कुलू सकाळी आठच्या आत पार करा.

लेहमध्ये दोन दिवस: गाडी

पहिला दिवस गाडीचा. तिनं सगळा सीझन धूळ खाल्ली आहे, नाले ओलांडले आहेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत काम केलं आहे. किलोमीटर कमी दिसले तरी झीज जास्त असते.

ब्रेकपासून सुरुवात करा. चाकं काढून पॅड बघा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ४ च्या खाली असेल तर लेहमध्येच बदला, मनालीची वाट बघू नका. बाराला-चावरून दारचा गावाकडे सलग उतार आहे आणि भरलेल्या गाडीत उरलेला पॅड तिथेच संपतो. ब्रेक ऑइलकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट-४ ऑइल २३० अंशांच्या पुढे उकळतं, ओल धरलेलं १५५ च्या आसपास. लांब उतारावर पाय ब्रेकवरच राहिला तर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. दोन वर्षं झाली असतील किंवा ऑइल चहासारखं दिसत असेल तर सगळं काढून नवं भरा, नुसती वरून भर घालू नका.

कूलंट निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असं हवं. त्या प्रमाणात ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. सीझनभर नाल्याचं पाणी ओतून रेडिएटर ‘भरत’ आलेला असाल तर आतलं मिश्रण पातळ झालेलं असतं, ते पूर्ण बदला. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही पाहा. टांगलांग-लावर उघडं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. आतला दाब झाकण धरून ठेवतं म्हणून इंजिन वाचतं. रबर चिरलेलं असेल तर खिंडीत उकळी फुटते, आणि आपण विनाकारण हेड गॅस्केटला दोष देतो.

डिझेल गाडी असेल तर फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढा. पहाटेच्या थंडीत तेच पाणी गोठून लाइन अडवतं. थंडीत साध्या डिझेलमधलं मेण जमू लागतं, गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. अशा वेळी टाकीखाली जाळ करणारे अजूनही दिसतात. कृपा करून ते करू नका. गाडीचं तोंड पूर्वेला करून रात्री लावा, बॉनेटवर जुनं ब्लँकेट टाका, आणि सुरू होत नसेल तर ऊन यायची वाट बघा. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त दाबू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये एक मिनिट सोडा. थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते. टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुऊन वर व्हॅसलीन लावा.

एअर फिल्टर इथे बदलू नका. आतून बाहेरच्या दिशेनं हलकी हवा मारून तोच बसवा, कारण पांगच्या अलीकडच्या मोरे मैदानाची धूळ अजून बाकी आहे. नवा फिल्टर मंडीत घाला.

टायरच्या हवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे हमखास गफलत होते. मीटर आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतो. लेहमध्ये बाहेरची हवा विरळ आहे, अंबाल्यात दाट. म्हणून लेहमध्ये दुपारी तापलेल्या टायरमध्ये ३२ पाऊंड भरून निघालात, तर अंबाल्यात सकाळी गार टायरमध्ये २६-२७ निघतात. इतक्या कमी हवेवर भरलेली गाडी हायवेला शंभरनं धावली की टायरच्या बाजू तापतात आणि फाटतात. हवा लेहमध्ये पहाटे, टायर गार असताना भरा आणि मंडीत पुन्हा सकाळी तपासा. उलट टांगलांग-लावर मीटर दोन-एक पाऊंड जास्त दाखवेल. तिथे हवा काढायची नाही. स्टेपनीत ठरल्यापेक्षा चार पाऊंड जास्त ठेवा, आणि जॅक खरंच गाडी उचलतो का ते एकदा लेहमध्येच करून पाहा. टायरच्या बाजूवर फुगवटा दिसला तर तो टायर स्टेपनीलाही ठेवू नका.

दुसरा दिवस: सामान

सगळं सामान उन्हात पसरा. लेहचं ऑक्टोबरचं ऊन दोन-तीन तासांत तंबू खडखडीत वाळवतं. इतका कोरडा वारा पुढे कुठे मिळणार नाही. ओला तंबू घडी घालून सहा दिवस कॅरिअरवर ठेवला तर बुरशी धरते आणि आतला पाणीरोधक थर चिकट होऊन सोलायला लागतो. तंबू उलटा करून झटका, चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा, खांबांच्या सांध्यांतली धूळ कोरड्या फडक्यानं पुसा.

दोरांसाठी एकच नियम आहे, पण तो पाळाच. चढाईचा दोर बॅटरी, इन्व्हर्टर किंवा डिझेलच्या कॅनच्या शेजारी कधीही ठेवायचा नाही. बॅटरीतल्या आम्लाचा साधा वाफारासुद्धा नायलॉन कमजोर करतो आणि वरून काहीच दिसत नाही. दोर स्वतंत्र पिशवीत, माणसं बसतात त्या भागात.

गॅसचे सिलिंडर लेहमध्ये ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत करून डिपॉझिट घ्या. माणसं भरलेल्या बंद गाडीत सिलिंडर आणू नये. ऑक्सिजनचे सिलिंडरही तिथेच जमा करा. बुटेनचे छोटे डबे उरले असतील तर मागे राहणाऱ्या कॅम्पला देऊन टाका. कोट्याच्या दुपारी काचा बंद असलेली गाडी पन्नास अंशांच्या पुढे तापते, आणि त्या डब्यांवर नेमका तोच आकडा इशारा म्हणून छापलेला असतो. रॉकेलचे स्टोव्ह पूर्ण रिकामे करून, दाब काढून, उभे बांधा.

भरताना जड वस्तू खाली आणि मागच्या चाकाच्या पुढे याव्यात. भांडी, खिळे-खुंट्या, टूलबॉक्स सीटच्या पाठीला चिकटून. कॅरिअरवर स्लीपिंग बॅग, मॅट, रिकामे ड्रम एवढंच. साध्या कॅरिअरची क्षमता बहुधा ५० ते ७५ किलो असते आणि ओझं जितकं वर तितकी वळणावर गाडी झुकते. ताडपत्री पुढून मागे अशी घ्या, म्हणजे वारा तिच्याखाली शिरत नाही.

आणि हे दाराजवळ, सगळ्यात शेवटी: फावडं, ओढायचा पट्टा, जंपर केबल, टॉर्च, पाणी, खाणं, प्रत्येकाची एक स्लीपिंग बॅग आणि जाड जॅकेट. गाडी सरचूच्या अलीकडे बंद पडली तर रात्र या एवढ्या सामानावर काढायची असते. पाणी माणशी तीन लिटर, तेही पायाशी. मागे ठेवलेलं गोठतं. खाण्यात दाणे-गूळ, चिक्की, सत्तू, लेहचे सुके जर्दाळू आणि थर्मासमध्ये गरम पाणी. शिजवायला लागणारं काहीच मोजू नका.

पगाराचा आणि सामानाचा हिशेबही याच दिवशी मिटवा. यादी करून, दोन्ही बाजूंनी सही करून, फोटो काढून. डोक्यात राहिलेला अर्धवट हिशेब गाडी चालवताना फार त्रास देतो.

प्रवासाचा पहिला दिवस: लेह ते केलाँग, सुमारे ३६० किलोमीटर

पहाटे साडेपाचला निघा. टाकी लेह किंवा कारूला काठोकाठ भरा, कारण त्यानंतर पंप गृहीत धरायचा तो केलाँगच्या पुढे टांडीलाच. भरलेली डिझेल जीप या रस्त्यावर लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते, म्हणजे चाळीस लिटर आणि वर दहा लिटर राखीव. टाकी ६० लिटरची असेल तर कॅन लागत नाही. लहान टाकीसाठी कॅन घेतलाच, तर तो पांगला टाकीत रिकामा करा. चढताना बाहेरचा दाब घटतो, बंद कॅन फुगतो आणि शिवणीवर गळतो.

साडेआठच्या आधी टांगलांग-लावर पोचण्याची घाई नको. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरतं आणि रात्री त्याचा पारदर्शक थर होतो. डांबर नुसतं ओलं वाटतं आणि चाक सरकतं. हे सावलीतल्या वळणांवर आणि नाल्यांच्या तोंडाशी असतं. दुसरा गिअर, पाय ब्रेकवर नाही, स्टिअरिंग हलक्या हातानं. घसरलीच तर क्लच दाबू नका.

मोरे मैदानावर रस्ता सरळ आहे म्हणून भरधाव जाऊ नका. मध्येच डांबर खचलेलं असतं. सव्वादहाला पांग, एकच्या सुमारास सरचू, अडीच-तीनला बाराला-चा असा हिशेब ठेवा. सरचूला दोनच्या पुढे गेलं आणि वर ढग काळे असतील, तर पुढे जायचं की नाही हे तिथल्या ट्रक ड्रायव्हरांना विचारून ठरवा. ते सहसा बरोबर सांगतात. उतारावर गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करणं आत्महत्येसारखं आहे, कारण ब्रेकची व्हॅक्यूम मदत दोन-तीन दाबांत संपते.

उपशीच्या पुढे जिस्पापर्यंत बहुतेक पट्टा नेटवर्कशिवाय आहे. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तर लडाखमध्ये चालतच नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्री घरी नीट सांगून ठेवा: “आई, उद्या संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तरी घाबरू नकोस. परवा दुपारी बारापर्यंत आला नाही तर दादाला ११२ वर कळवायला सांग, गाडीचा नंबर फ्रिजवर लावलाय.” घरच्यांना वेळ ठरवून दिली की त्यांचा जीव टांगणीला लागत नाही, आणि आपणही नेटवर्कसाठी गाडी दामटत नाही.

घरून कुणी मदतीला म्हणून विमानानं लेहला आलं असेल, तर त्याला आधी किमान दोन दिवस विश्रांती हवी. तुमचं शरीर उंचीला सरावलंय, त्याचं नाही. खिंडींच्या दिवशी त्यानं गाडी चालवू नये. त्याचा खरा उपयोग चौथ्या दिवशी आहे.

दुसरा दिवस: केलाँग ते मंडी, मुद्दाम छोटा

अंतर जेमतेम १८० किलोमीटर. इथे सगळे म्हणतात, “चला, आजच चंदीगड गाठू.” गाठू नका. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यानं रोहतांगची चढण वाचवली आहे. तो वाचलेला वेळ झोपेला द्या. जे कित्येक महिने उंचावर राहिलेत त्यांना खाली उतरल्यावर पहिले काही दिवस सुस्ती येते, अंग जड होतं, अवेळी झोप येते. हा आजार नाही, पण अशा अवस्थेत चाक हातात घेऊ नये. मंडी ८०० मीटरच्या आसपास आहे, रात्र ऊबदार जाते. दुपारी तीनला पोचा आणि झोपा.

औट ते पंडोह हा बियास नदीकाठचा पट्टा पावसाळ्यानंतरही दरडी सोडतो. सकाळीच पोलिसांना किंवा समोरून येणाऱ्यांना विचारून घ्या. बंद असेल तर छोट्या गाड्या बजौरा–कटौला–मंडी रस्त्यानं सोडतात. तो अरुंद आहे आणि कधी कधी एकाच दिशेनं चालू असतो, तेव्हा गेटची वेळ आधी कळली तर बरं. कुलूत सफरचंदाची पेटी घ्यायचा मोह होईल. घ्या, पण एकच, आणि मागे तंबूंच्या ओलीत न ठेवता सीटखाली सावलीत ठेवा. कॅरिअरवर ठेवलेली सफरचंदं जयपूरपर्यंत उकडून निघतात.

मंडीत संध्याकाळी एअर फिल्टर बदला. उताराच्या दिवसांनंतर ब्रेकही एकदा बघून घ्या. जळका वास, एका चाकाची डिस्क निळसर, किंवा रिम इतरांपेक्षा जास्त गरम असेल तर तो कॅलिपर अडकतोय. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढे नाही. टायर गार झाल्यावर, म्हणजे सकाळी, हवा.

तिसरा दिवस आणि धूर

नेरचौकपासून किरतपूरपर्यंत चौपदरी रस्ता आणि बोगदे झाल्यामुळे हा टप्पा आता सोपा आहे. दुपारपर्यंत अंबाला, आणि त्याच्या पुढे इस्माइलाबाद किंवा पेहोवा भागात मुक्काम.

इथून पुढचा धोका वेगळा. ऑक्टोबरच्या मध्यापासून पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळतात. सकाळी आणि संध्याकाळी धूर जमिनीलगत साचतो. त्यात भाताच्या ट्रॉल्या धान्याच्या मंडीकडे निघालेल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. सूर्य मावळल्यावर हा भाग चालवू नका. धुरात सापडलातच तर लो बीम लावा, आतली हवा फिरती ठेवा आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय ते कळत नाही, आणि वळताना तुमचा इशाराच उरत नाही.

दिल्ली टाळायची की ग्वाल्हेरवरून यायचं

थेट इंदूरला यायचं असेल तर आमची पसंती इस्माइलाबाद–नारनौल हा १५२-डी महामार्ग. २२७ किलोमीटर, गावं नाहीत, दिल्लीची हवा नाही. पुढे कोटपुतली, जयपूर, आणि जयपूरपासून राष्ट्रीय महामार्ग ५२ धरला की टोंक, बुंदी, कोटा, झालावाड, राजगड, ब्यावरा, देवास करत तोच रस्ता घरापर्यंत येतो.

ग्वाल्हेरला कुणाला सोडायचं असेल तर कुंडलीहून पूर्वेकडचा पेरिफेरल एक्सप्रेस-वे धरून पलवल, मग मथुरा, आग्रा, मुरैना. ग्वाल्हेर ते इंदूर शिवपुरी-गुना-ब्यावऱ्यावरून पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. ते एका दिवसात मारू नका. शिवपुरी किंवा गुन्याला थांबा.

या मार्गासाठी एक अट आहे. दिल्ली आणि लगतच्या जिल्ह्यांत हवा फार बिघडली की जुन्या प्रदूषण मानकांच्या, म्हणजे बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींवर निर्बंध लागतात, आणि दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांचा प्रश्न तिथे कायमच टांगलेला असतो. कॅम्पवरच्या बऱ्याच जीप १ एप्रिल २०२० च्या आधीच्या, म्हणजे बीएस-४ आहेत. आदल्या दिवशीची बातमी बघा. शंका असेल तर सरळ १५२-डी.

चौथा, पाचवा, सहावा

चौथ्या रात्री जयपूर (सुमारे ३८०), पाचव्या रात्री झालावाड (सुमारे ३३०), सहाव्या दिवशी दुपारी इंदूर (सुमारे ३१०).

चौथा दिवस आम्हाला सगळ्यात जास्त भीती घालतो. रस्ता सुरेख, वळण नाही, गाडीचा एकसुरी आवाज. दर दोन तासांनी किंवा दीडशे किलोमीटरनी थांबा, खाली उतरा, दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवण दुपारी एकच्या आधी आणि हलकं, पराठ्यावर लस्सीचे दोन ग्लास नकोत. दोन ते चार ही वेळ झोपेची आहे, तेव्हा दुसऱ्यानं चालवावं. एकटेच चालवणारे असाल तर एक कप कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं सीट मागे टाकून झोपा. कॉफी अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो आणि उठताना तिचा गुण येतो. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी पाच-दहा मिनिटं निघतात, झोप जात नाही. मागची दोन मिनिटं आठवत नसतील, किंवा गाडी पांढऱ्या पट्टीवर गेली असेल, तर पुढच्या पंपावर थांबा. ‘पुढचा चांगला धाबा’ बघू नका.

शेजारी बसणाऱ्याचं काम बोलत राहणं. सगळे झोपले आणि एकटा ड्रायव्हर जागा, असं होऊ देऊ नका. आळीपाळीनं पुढे बसा.

कोट्याच्या पुढे दरा गावाजवळची अरुंद नाळ लागते. एक ट्रक बिघडला तरी तिथे तासन्‌तास वाहनं अडकतात. पाणी, खाणं, डिझेल सगळं कोट्यात उरकून मगच पुढे जा.

झालावाडहून सकाळी साडेसहाला निघा. मध्य प्रदेशात शिरलात की आपल्या माळव्याचा ऑक्टोबर सुरू होतो, म्हणजे सोयाबीन. काढणी झालेली असते, ट्रॉल्या मंडीकडे रांगेनं जातात, आणि काही ठिकाणी शेतकरी रस्त्याच्या कडेवरच दाणे वाळवतात. दाण्यांवर ब्रेक मारला तर चाक बॉल बेअरिंगवर असल्यासारखं सरकतं. पहाटे आणि अंधारात रोझडे (नीलगायी) अचानक उडी मारतात. एक गेला की मागून दुसरा येतोच, म्हणून लगेच वेग वाढवू नका. गुरं रात्री रस्त्यावरच बसतात. याच कारणांसाठी ब्यावरा ते इंदूर हा टप्पा दिवसा करायचा आहे. पाचव्या रात्री झालावाडला पोचल्यावर “तीनशेच तर राहिलेत” हे वाक्य कुणीतरी म्हणणारच. तिथेच गाडीची किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

नवरात्रात येत असाल तर देवासच्या टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानीच्या दर्शनाला इंदूरहून अनवाणी चालत निघालेली माणसं रस्त्याच्या कडेनं असतात, पहाटे आणि रात्री सर्वांत जास्त. त्यांच्यासाठी मधली लेन धरा आणि वेग साठच्या खाली आणा.

टोलसाठी फास्टॅगमध्ये किमान ३,००० रुपये आणि खिशात ५,००० रोख ठेवा. डोंगरात यूपीआय नेटवर्कअभावी चालत नाही. हायवेवर गाडी अडली तर राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक १०३३.

घरी पोचल्यावरचा आठवडा

पहिले दोन दिवस झोपा आणि आईच्या हातचं खा. तिसऱ्या दिवशी गच्चीवर सगळं पसरा. दिवाळीच्या सुमाराला माळव्याची हवा कोरडी असते. पण तंबू दुपारच्या कडक उन्हात दिवसभर नको, सकाळचे दोन तास पुरे, नाहीतर कापड उन्हानं कमजोर होतं.

पिसांच्या स्लीपिंग बॅग त्यांच्या दाबलेल्या पिशवीत ठेवल्या तर मेपर्यंत पिसं चपटी होतात आणि ऊब जाते. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची उशीच्या अभ्र्यासारखी मोठी पिशवी शिवून घ्या, बॅग तिच्यात सैल भरा आणि माळ्यावर टांगा. डांबराच्या गोळ्या नकोत, कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. दोर कोमट पाण्यात, डिटर्जंट न घालता, बुडवून सावलीत वाळवा आणि हातातून पूर्ण सरकवत तपासा. कुठे मऊ पडला असेल, फुगला असेल किंवा कडक वाटला तर तेवढा भाग कापून टाका. मधोमध असेल तर तो दोर आता गाठी शिकवायला.

गाडी खालून धुऊन घ्या. लडाखची बारीक माती चेसिसच्या सांध्यांत, ड्रम ब्रेकमध्ये आणि दाराच्या खालच्या भोकांत बसलेली असते. ओल लागली की ती गंज धरते. इंजिन ऑइल आणि फिल्टर किलोमीटर न बघता बदला. व्हील अलाइनमेंट आता करा, प्रवासाआधी केलेली मोरे मैदानानं बिघडवलेलीच असते.

माळ्यावर सामान चढवण्याआधी कागदावर लिहा: कोणत्या तंबूची चेन गेली, किती खुंट्या कमी पडल्या, कोणता टायर बदलायचाय, कोणत्या बुटाचा तळ सुटलाय. पुढच्या सीझनची खरेदी एप्रिलमध्ये घाईत होते आणि तेव्हा यातलं काही आठवत नाही. तो कागद जाड जॅकेटच्या खिशात घालून ठेवा, मेमध्ये बाहेर काढताना पहिलं तेच हाती लागतं.